दोन हजार यार्डांचे नऊ मोसम, करंडक मात्र दोनच : एनएफएलचा सामना जिंकून देतो कोण, पास की धाव?

हडसनकाठ (धागाकर्ता)

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात एकाच मोसमात दोन हजार यार्डांहून अधिक धावलेले रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणारे खेळाडू, २०२४च्या मोसमापर्यंत फक्त नऊ झाले. १९७३ मध्ये बफेलो बिल्सचा ओ. जे. सिम्प्सन हा पहिला आणि २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा सेक्वॉन बार्कली हा नववा. मधल्या सात जणांत एरिक डिकरसन, बॅरी सँडर्स, टेरेल डेव्हिस, जमाल लुईस, ख्रिस जॉन्सन, एड्रियन पीटरसन आणि डेरिक हेन्री येतात. यांची नावे निघाली की आमच्या जर्सी सिटीच्या मंडळातले जुने प्रेक्षक कानाच्या पाळीला हात लावतात. या नऊ जणांच्या संघांचे त्या त्या वर्षी पुढे काय झाले, हे मी परवा सहज मांडून पाहिले. सिम्प्सनचे बिल्स आणि २००९चे जॉन्सनचे टायटन्स बाद फेरीपर्यंतही पोहोचले नाहीत. डिकरसन, सँडर्स, लुईस, पीटरसन आणि हेन्री या पाच जणांचे संघ बाद फेरीत गेले खरे, पण तेथला पहिलाच सामना हरले. उरलेले दोघे, म्हणजे १९९८च्या मोसमातला डेव्हिस आणि २०२४चा बार्कली, थेट सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून परतले. अधलेमधले कोणीच नाही.

ही मांडणी केल्यापासून माझ्या डोक्यात एक शंका घर करून बसली आहे. टीव्हीवरचे समालोचक दर रविवारी सांगतात की अमुक खेळाडू शंभर यार्डांच्या वर धावला की त्याचा संघ बहुतेक सामने जिंकतो, आणि त्यावरून आपण असे समजतो की जिंकायचे असेल तर आधी धावण्याचा जम बसवला पाहिजे. मला वाटते, येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. क्रिकेटमध्ये धावांचा पाठलाग करताना शेवटच्या पाच षटकांत निवांतपणे एकेरी धावा काढणारा संघ बहुधा जिंकतो, पण म्हणून एकेरी धावांनी सामना जिंकला असे कोणी म्हणत नाही. आधीच्या पंधरा षटकांत काम झालेले असते, म्हणून तर शेवटी निवांतपणा परवडतो. फुटबॉलमध्येही आघाडीवर असलेला संघ चौथ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रात धावण्यावर भर देतो, कारण धावणारा मैदानाच्या आतच पाडला गेला की घड्याळ चालू राहते, आणि पुढे फेकलेला पास हुकला की ते थांबते. पिछाडीवरच्या संघाला नेमके उलटे हवे असते. त्यामुळे सामना संपल्यावर जेत्याच्या खात्यात धावण्याचे प्रयत्न अधिक दिसतात, आणि ते बहुतांशी आघाडीचे फळ असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की आघाडी पासने मिळते आणि धावण्याने ती टिकते. पहिले जमले नाही तर दुसऱ्याची वेळच येत नाही. जाणकारांनी यावर लिहावे. मी न्यू यॉर्क जायंट्सचा चाहता आहे आणि बार्कली आमच्याकडून फिलाडेल्फियाला गेला आहे, तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा जळफळाट असणार, हे गृहीत धरून वाचावे.

फिलीचा बापू

जळफळाट पोहोचला. नऊपैकी नववा आमचा असल्याने उत्तर देणे भाग आहे.

२०२४च्या ईगल्सने संपूर्ण मोसमात पासपेक्षा धावण्याच्या चाली अधिक खेळल्या. आजच्या काळात असे करणारा संघ मागासलेला ठरवला जातो, पण आम्ही साखळीत १४ सामने जिंकलो आणि ३ हरलो. बाद फेरीत रॅम्सविरुद्ध बर्फ पडत असताना बार्कली २०५ यार्ड धावला आणि सामना २८-२२ असा आम्ही घेतला. वॉशिंग्टनविरुद्ध कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या आमच्या अर्ध्या भागाच्या, अंतिम सामन्यात त्याने आमच्या पहिल्याच चालीवर ६० यार्डांचा टचडाऊन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला, आणि पुढे ५५-२३ असा निकाल लागला. चौथ्या सत्रातली घड्याळ घालवण्याची ही धाव नव्हे, हडसनराव. पहिल्याच चालीत आघाडी मिळवून देणारी धाव आहे ही.

शिवाय साखळीचा शेवटचा सामना त्याला खेळवलाच नाही. डिकरसनच्या विक्रमी २,१०५ यार्डांना गाठायला फक्त शंभर यार्ड हवे असताना त्याला बाकावर बसवले गेले, आणि त्याने त्याबद्दल कुरकुर केली नाही. हे वादाशी संबंधित नाही, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

हडसनकाठ

बापू, मग त्याच मोसमाचा सुपर बोलही पाहू. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध बार्कली २५ वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याला ५७ यार्ड मिळाले. म्हणजे दर धावेमागे सव्वादोन यार्डांच्या आसपास. ज्या सामन्यात तुमचा नववा महापुरुष अडवला गेला, तोच सामना तुम्ही ४०-२२ असा जिंकलात, आणि मध्यंतराला तर आघाडी २४-० होती. तुमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, जेलन हर्ट्सने २२ पैकी १७ पास पोहोचवले, २२१ यार्ड मिळवले आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला.

दुसरे उदाहरण सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे. २०१९च्या मोसमात कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात त्यांच्या जिमी गारोपोलोने संपूर्ण सामन्यात फक्त ८ पास टाकले. रहीम मोस्टर्ट २२० यार्ड धावला, चार टचडाऊन केले आणि ग्रीन बे पॅकर्सना त्यांनी ३७-२० असे लोळवले. त्या रात्री सगळे म्हणत होते की जुने दिवस परत आले. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये हाच संघ चौथ्या सत्रात २०-१० असा पुढे होता. सात मिनिटे आणि काही सेकंद उरले असताना चीफ्सना तिसऱ्या डाऊनवर, म्हणजे चारपैकी तिसऱ्या संधीला, १५ यार्ड हवे होते, आणि पॅट्रिक मॅहोम्सने टायरीक हिलला ४४ यार्डांचा पास दिला. अंतिम गुण ३१-२०, चीफ्सच्या बाजूने. १५ यार्ड हवे असताना धावून काय मिळणार होते?

फिलीचा बापू

तुम्ही आकडा वाचला, पण मैदान वाचले नाही. बार्कलीला ५७ यार्डांवर अडवण्यासाठी चीफ्सनी बचावाचे माणूसबळ चाल जेथून सुरू होते त्या रेषेजवळ आणून उभे केले. ती माणसे मागून आणलेली होती, आणि हर्ट्सचे पास त्याच मागच्या मोकळ्या जागेत पडले. ज्या धावणाऱ्याची धास्ती नाही, त्याच्यासाठी कोणी पुढे येऊन उभे राहत नाही. धावण्याची किंमत ५७ यार्डांत मोजाल तर ती कमीच दिसणार.

आणि त्या सामन्याबद्दल बोलायचेच तर आमच्या बचावाला विसरू नका. विक फँजिओच्या बचावफळीने मॅहोम्सवर एकदाही ब्लिट्झ न पाठवता, म्हणजे नेहमीच्या चौघांहून अधिक माणसे अंगावर न धाडता, त्याला सहा वेळा सॅक केले, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडले. चौघांनीच काम भागत असेल तर उरलेले सात जण पास अडवायला मोकळे असतात. धागा पास की धाव असा आहे, पण त्या रात्रीचे खरे उत्तर दोन्हींत नव्हते.

गणितमास्तर

वाद रंगला आहे, पण हडसनकाठ यांच्या पहिल्याच पुराव्यात एक खोट आहे, ती आधी दाखवतो. त्यांनी धावण्याची एकूण बेरीज घेतली आणि तिचा करंडकाशी मेळ बसत नाही असे दाखवले. हीच कसोटी पासला लावून पाहा. एका मोसमात पाच हजार यार्डांचे पास टाकणारे क्वार्टरबॅक १९८४च्या डॅन मरिनोपासून सुरू होतात, आणि त्याच मोसमात सुपर बोलही जिंकणारा पहिला क्वार्टरबॅक म्हणजे २०२२चा मॅहोम्स. मरिनो अंतिम सामना हरला. २०१३ मध्ये पेटन मॅनिंगने ५,४७७ यार्ड आणि ५५ टचडाऊन पास असा मोसम केला, आणि सुपर बोलमध्ये सिअॅटल सीहॉक्सकडून ४३-८ असा मार खाल्ला. न्यू ऑर्लिन्सच्या ड्रू ब्रीजने तर पाच वेळा पाच हजारांचा टप्पा ओलांडला, त्यांपैकी २०१२ आणि २०१६ या दोन्ही मोसमांत संघ ७-९, म्हणजे सात विजय आणि नऊ पराभव, असा होता. २०१२ मध्ये त्यांच्या बचावफळीने ७,०४२ यार्ड दिले होते, जो विक्रम कोणालाच नको असतो. इतके यार्ड देणारा संघ सतत मागे असतो आणि मागे असलेल्याला सतत पास टाकावे लागतात. टँपा बेचा जेमिस विन्स्टन २०१९ मध्ये ५,१०९ यार्ड, ३३ टचडाऊन आणि ३० इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास, असा चमत्कारिक हिशेब घेऊन ७-९ वर थांबला.

तात्पर्य असे की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल दोन्हीकडे होते. आघाडीमुळे धावण्याची बेरीज फुगते, पिछाडीमुळे पासची. म्हणून बेरीज बाजूला ठेवून दर चालीमागे काय मिळाले ते पाहावे लागते. आजच्या लीगमध्ये एका धावेला सरासरी सव्वाचार ते साडेचार यार्ड मिळतात. पासचे यार्ड घेऊन त्यांतून सॅकमध्ये गमावलेले वजा केले आणि हुकलेले पासही प्रयत्नांत धरले, तरी दर चालीला सहा यार्डांच्या आसपास उरतात. ही तफावत एका सामन्यात साठ-सत्तर चालींवर साचत जाते. एवढ्यापुरते मी हडसनकाठ यांच्या बाजूला आहे.

सदाफुली

मी पुण्यात राहते आणि मुलगा मिनेसोटात असल्यामुळे सुपर बोल सोमवारी पहाटे पाच वाजता उठून पाहते. नियम बऱ्यापैकी कळतात : चार संधींत दहा यार्ड पुढे गेले की पुन्हा चार संधी. मग माझा प्रश्न बाळबोध वाटला तरी विचारते. पासला सहा यार्ड आणि धावेला साडेचार मिळत असतील तर हे शहाणेसुरते प्रशिक्षक प्रत्येक चालीत पासच का टाकत नाहीत?

गणितमास्तर

ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. अर्थशास्त्रज्ञांनाही तो पडलेला आहे.

पहिले कारण असे की पासचा परिणाम फार विखुरलेला असतो. आज सुमारे दोन तृतीयांश पास पोहोचतात, म्हणजे तीनातला एक शून्य यार्ड देतो. काहींत क्वार्टरबॅक मागेच पाडला जातो, आणि शंभरांत दोन-तीन पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातात. धाव मात्र बहुतेक वेळा तीन-चार यार्ड देतेच. तिसऱ्या डाऊनवर एकच यार्ड हवा असेल तेव्हा सरासरीचा उपयोग नसतो, तो एक यार्ड मिळण्याची शक्यता महत्त्वाची असते, आणि तेथे धाव पासपेक्षा अधिक वेळा यशस्वी होते. ईगल्सनी क्वार्टरबॅकला मागून ढकलत नेण्याची जी चाल रूढ केली, तिचे मर्म हेच. २०२५ मध्ये तिच्यावर बंदी आणण्याच्या प्रस्तावाला ३२ पैकी २२ संघमालकांची मते मिळाली, लागत होती २४.

दुसरे कारण बापूंनी सांगितलेच आहे. पास येणार हे आधीच ठाऊक असेल तर बचावफळी मागे पांगते आणि ते सहा यार्ड चार होतात. मिसळ करावीच लागते. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि माझ्या मते बहुतेक प्रशिक्षक पहिल्या डाऊनवर अजूनही गरजेपेक्षा अधिक धावतात.

येथे बापूंना मात्र एक चिमटा काढतो. धावण्याचा जम बसला तरच प्ले ॲक्शन चालते, म्हणजे चेंडू धावणाऱ्याला दिल्याची हूल देऊन टाकलेला पास यशस्वी होतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. २०१८च्या सुमारास विश्लेषकांनी हे तपासले, तेव्हा संघ किती चांगला धावतो याचा आणि हूल किती फळते याचा संबंध आढळला नाही. धावणारा भिकार असला तरी लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागचा खेळाडू, हुलीला फसतोच, कारण पुढे झेपावण्याची त्याला वर्षानुवर्षांची सवय असते.

ओहायोचे आजोबा

मंडळी, तुम्ही सगळे आजच्या नियमांवरून बोलत आहात. मी १९७१ मध्ये शिकायला येथे आलो तेव्हा हा खेळच वेगळा होता. जानेवारी १९७४ मधला आठवा सुपर बोल मी वसतिगृहातल्या टीव्हीवर पाहिला. मायामी डॉल्फिन्सचा बॉब ग्रीसी संपूर्ण सामन्यात सात पास टाकतो, त्यांतले सहा पोहोचतात, लॅरी झोंका १४५ यार्ड धावून मानकरी ठरतो आणि मिनेसोटाचा २४-७ असा पराभव होतो. सदाफुलीताईंच्या मुलाला हे सांगू नका. त्या काळी जुने प्रशिक्षक म्हणत की पास टाकला की तीन गोष्टी होऊ शकतात आणि त्यांतल्या दोन वाईट असतात. तेव्हाच्या हिशेबाने ते खोटे नव्हते, कारण निम्म्याच्या आसपास पास हुकत आणि बचावपटू पास झेलणाऱ्या रिसीव्हरला धावता धावता वाटेल तेथे धक्के देऊ शकत.

१९७८ मध्ये नियम बदलले. रेषेपासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्का देण्यास मनाई झाली, आणि क्वार्टरबॅकसमोरच्या फळीला हात लांब करून, तळवे उघडे ठेवून अडवण्याची मुभा मिळाली. २००४ मध्ये धक्क्याचा नियम पंच पुन्हा कडकपणे लावू लागले, आणि त्याच वर्षी मॅनिंगने ४९ टचडाऊन पास टाकून मरिनोचा विक्रम मोडला. तेव्हा पास श्रेष्ठ की धाव, याचे उत्तर मैदानाइतकेच नियमांच्या पुस्तकात आहे. लीगला गुण वाढायला हवे होते आणि पास हा त्याचा सोपा मार्ग होता.

मास्तरांना आवडेल अशी एक गोष्ट आमच्या सिनसिनाटीची. १९६९ मध्ये बेंगल्सना ग्रेग कुक नावाचा तोफेसारखे पास टाकणारा क्वार्टरबॅक मिळाला होता. त्याचा खांदा गेला, आणि १९७० मध्ये व्हर्जिल कार्टर आला. त्याच्या हातात लांब फेकण्याची ताकद नव्हती, पण नेम होता आणि डोके होते. साहाय्यक प्रशिक्षक बिल वॉल्शने त्याच्यासाठी आखूड, वेळेवर सुटणाऱ्या, मैदानाच्या रुंदीचा वापर करणाऱ्या पासची पद्धत बांधली. पाच यार्डांचा असा पास म्हणजे जवळजवळ धावच, फक्त ती हवेतून जाते. १९७१ मध्ये पास पोहोचवण्याच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिला आला.

गणितमास्तर

आजोबा, तुम्ही माझ्या तोंडचे वाक्य काढून घेतलेत. त्याच वर्षी, १९७१ मध्ये, याच व्हर्जिल कार्टरने रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकाबरोबर एक शोधनिबंध छापला. मैदानाच्या कोणत्या जागी पहिला डाऊन मिळाला की पुढे सरासरी किती गुण होतात, हे त्यांनी खऱ्या सामन्यांतल्या हजारो चालींवरून काढले. स्वतःच्या गोलरेषेला अगदी चिकटून चेंडू मिळाला तर ते मूल्य उणे निघते, म्हणजे चेंडू आपल्याकडे असूनही पुढचे गुण प्रतिस्पर्ध्याचे होण्याचा संभव अधिक. आज ज्याला अपेक्षित गुण म्हणतात, त्या साऱ्या हिशेबाचे मूळ येथे आहे. खेळत्या क्वार्टरबॅकने दिवसा पास टाकावेत आणि रात्री त्यांचे मोल मोजावे, असे पुन्हा घडलेले मला माहीत नाही.

ओहायोचे आजोबा

आणि उपसंहार ऐका. वॉल्शला बेंगल्सनी मुख्य प्रशिक्षक केले नाही. तो पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तीच पद्धत जो मोंटानाच्या हाती दिली आणि जानेवारी १९८२च्या सुपर बोलमध्ये २६-२१ असे हरवले ते कोणाला? बेंगल्सना. सात वर्षांनी पुन्हा बेंगल्सनाच, २०-१६. आमच्याच परसातला आंबा आम्हालाच विकत घ्यावा लागला.

फिलीचा बापू

आजोबा, तुमचे दुःख वाचून माझी तलवार म्यान झाली होती, पण एक प्रसंग राहिला आहे. फेब्रुवारी २०१५चा सुपर बोल. सीहॉक्स २८-२४ असे मागे, चेंडू न्यू इंग्लंडच्या एक यार्ड रेषेवर, दुसरा डाऊन, २६ सेकंद शिल्लक, आणि मागे मार्शॉन लिंच उभा, जो त्या सामन्यात शंभर यार्डांच्या वर धावला होता. त्यांनी पास टाकला. माल्कम बटलरने तो पकडला आणि सामना संपला. मास्तर, एक यार्ड हवा असताना धाव बरी, हे तुमचेच वाक्य आहे.

गणितमास्तर

वाक्य माझेच, पण तेथे घड्याळही होते. सीहॉक्सकडे एकच टाइमआऊट, म्हणजे घड्याळ थांबवण्याची संधी, होता. धाव अडली असती तर तो खर्च झाला असता, आणि मग तिसऱ्या डाऊनवर पुन्हा धावून अडणे म्हणजे चौथी चाल घाईघाईत किंवा अजिबातच नाही. तिन्ही संधी वापरायच्या तर एकदा पास टाकणे सोयीचे होते, कारण हुकलेला पास घड्याळ थांबवतो. त्या मोसमात लिंचला एक यार्ड रेषेवरून पाच प्रयत्नांत एकदाच टचडाऊन करता आला होता, आणि संपूर्ण लीगमध्ये त्या रेषेवरून टाकलेला एकही पास तोवर प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला नव्हता. निर्णय वाईट नव्हता. गर्दीच्या मध्यभागी पास टाकण्याची निवड वाईट होती, आणि बटलरने ती ओळखली.

खरा अपराध पाहायचा असेल तर दोन वर्षांनंतरचा अटलांटा फाल्कन्सचा पाहा. २८-३ अशी आघाडी २८-२० वर आलेली होती. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असताना हुलिओ जोन्सने एक अशक्य झेल घेऊन चेंडू न्यू इंग्लंडच्या २२ यार्ड रेषेवर नेला. तेथून तीन वेळा नुसते जमिनीवर पडले असते तरी चाळीस यार्डांच्या आसपासचा फील्ड गोल, म्हणजे लाथ मारून मिळवायचे तीन गुण, शक्य होता, आणि तो झाला की ११ गुणांची आघाडी. त्यांनी पहिल्या डाऊनवर धाव घेतली, एक यार्ड गमावला. दुसऱ्यावर पास टाकायला मॅट रायन मागे सरकला आणि १२ यार्ड मागे पाडला गेला. पुढच्या चालीत पकडून ठेवल्याबद्दल आणखी दहा यार्डांचा दंड. फील्ड गोल टप्प्याबाहेर गेला, चेंडू पंट करावा, म्हणजे लाथेने दूर उडवून प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागला, आणि न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीने ९१ यार्डांची चढाई करून बरोबरी साधली. जादा वेळेत ३४-२८, न्यू इंग्लंडच्या बाजूने.

हडसनकाठ

मास्तर, तुमचा आक्षेप मान्य. मूळ लेखातला नऊ जणांचा पुरावा मी मागे घेतो, कारण तोच न्याय पाच हजारांच्या क्वार्टरबॅकना लावला तर माझीच बाजू पडते. मात्र बाजारभाव अजून माझ्याकडून बोलतो. २०२४ मध्ये बार्कलीला ईगल्सनी तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर दिले, आणि त्याच वर्षी डॅलसने क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला वर्षाला ६ कोटी देऊ केले. क्वार्टरबॅकचे सात-आठ महिने आणि बार्कलीची तीन वर्षे सारख्याच किमतीची. १९९५ नंतर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर रनिंग बॅक घेण्याचे धाडसही कोणत्या संघाला झालेले नाही.

फिलीचा बापू

बाजारभाव तुमच्याकडून बोलतो, हे खरे. म्हणूनच तर बार्कली आम्हाला स्वस्तात मिळाला.

सदाफुली

मला फाल्कन्सचा तो दुसरा डाऊन पुन्हा पाहायचा आहे. मुलाला विचारले, तर तो म्हणाला की त्या सामन्याचा शेवट घरात लावायचा नाही, कारण त्याचा अटलांटाचा मित्र शनिवारी येणार आहे.